‘रामायण’ चित्रपटाचं संगीत: रसिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिग्दर्शक नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’बद्दल मराठी घरांत जेवढी चर्चा कलाकारांची होते, तेवढीच गाण्यांचीही होते. रामकथा आपण आधी कानांनी शिकलो, म्हणून असेल. संगीताबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. माहिती आहे तिथे माहिती आहे. मत आहे तिथे ते माझं मत आहे, आणि ते तसंच ओळखू येईल.

नेमकं काय जाहीर झालं आहे?

चित्रपट दोन भागांत आहे. निर्माते नमित मल्होत्रा यांनी पहिला भाग दिवाळी २०२६ ला आणि दुसरा दिवाळी २०२७ ला आणण्याची घोषणा केली. पहिली झलक ३ जुलै २०२५ ला आली. रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, रवी दुबे लक्ष्मण आणि सनी देओल हनुमान, अशी मुख्य मंडळी आहेत. संगीतासाठी दोन नावं एकत्र झळकली, ए. आर. रहमान आणि हॉलिवूडचे संगीतकार हान्स झिमर. गीतलेखन कुमार विश्वास यांच्याकडे आहे.

एका चित्रपटाला दोन संगीतकार कशासाठी? कोण काय करणार?

आपल्याकडे ‘संगीत’ म्हटलं की डोळ्यांसमोर गाणी येतात. पण चित्रपटाला दोन वेगळी संगीतं लागतात: गाणी आणि पार्श्वसंगीत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनीही २००९ च्या चित्रपटांपासून या दोहोंसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केले. त्या वर्षी गाण्यांचा पुरस्कार अमित त्रिवेदी यांना मिळाला आणि पार्श्वसंगीताचा इलैयाराजा यांना.

त्यामुळे ‘रहमान गाणी करणार आणि झिमर पार्श्वसंगीत’ अशी सरळ वाटणी अनेकांनी मनाशी करून टाकली आहे. ती इतकी सरळ नसावी, असं मला वाटतं. रहमान हे उत्तम पार्श्वसंगीतकार आहेत. २००९ च्या सोहळ्यात त्यांना मिळालेल्या दोन ऑस्करपैकी एक ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या पार्श्वसंगीतासाठी होतं. जोडीने काम करणंही दोघांना नवं नाही. रहमान यांनी ‘एलिझाबेथ: द गोल्डन एज’ (२००७) क्रेग आर्मस्ट्राँग यांच्यासोबत केला. झिमर यांनी जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्यासोबत बॅटमनचे दोन चित्रपट केले, २००५ आणि २००८ मध्ये.

अशा जोडकामात प्रेक्षकाला शिवण दिसू नये, एवढीच मोठी अपेक्षा असते. गाणं संपलं आणि अचानक दुसऱ्याच चित्रपटाचं संगीत सुरू झालं, असं वाटता कामा नये. गाण्यातली एखादी सुरावट पार्श्वसंगीतात परत आली, किंवा पार्श्वसंगीतात आधी कुजबुजलेली चाल पुढे पूर्ण गाणं होऊन उमलली, तर दोघे एकाच खोलीत बसून काम करत होते हे आपोआप कळेल.

झिमर परदेशी. त्यांना रामायण कसं कळणार?

प्रश्न रास्त आहे. त्यामागची भीतीही समजण्यासारखी आहे, कारण झिमर यांचं हे पहिलंच भारतीय चित्रपटाचं काम.

त्यांची काम करण्याची रीत पाहू. झिमर चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत थांबत नाहीत, कल्पनेवरूनच लांब सुरावटी लिहून ठेवतात. ‘इंटरस्टेलर’च्या वेळी दिग्दर्शकाने त्यांना चित्रपटाचं कथानक न सांगता बाप आणि मुलाच्या नात्यावरचं एक पान दिलं होतं. त्यावरून त्यांनी जी छोटी रचना केली, तीच पुढे साऱ्या संगीताचा गाभा ठरली. रामकथेसाठी ही पद्धत चांगली वाटते. रामायणाचा गाभा युद्ध नाही, नाती आहेत. बाप आणि मुलगा, भाऊ आणि भाऊ, नवरा आणि बायको, मालक आणि सेवक. कोणी झिमर यांना दशरथ-रामाचं एक पान दिलं असेल, तर पुढचं काम चोख होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे अनोळखी मुलखात शिरताना ते तिथला आवाज सोबत घेतात. ‘द लायन किंग’ने त्यांना पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. त्याच्या सुरुवातीची झुलू भाषेतली हाक दक्षिण आफ्रिकेच्या लेबो एम यांची आहे. दुसरं ऑस्कर ‘ड्यून’साठी मिळालं. त्यात त्यांनी नवी वाद्यं घडवून घेतली आणि मानवी गळ्याला वाद्यासारखं वापरलं. ‘रामायण’मध्ये त्यांच्या शेजारी रहमान आहेत, म्हणजे इथला आवाज पाहुणा म्हणून येणार नाही, यजमान म्हणून येईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ‘ग्लॅडिएटर’नंतर गेली पंचवीस वर्षं जगभरच्या पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांत एक ठरावीक नाद रुळून बसलाय: भलेमोठे ढोल, खाली घुमणारा पितळी वाद्यांचा गडगडाट आणि वर एका स्त्रीचा शब्दहीन आर्त आलाप. कुठल्याही देशाच्या, कुठल्याही शतकाच्या लढाईला तो चालतो, आणि नेमकं म्हणूनच तो अयोध्येला चालत नाही. झिमर यांच्या अनुकरणातून पसरलेला हा साचा खुद्द झिमर यांनीच इथे मोडावा, अशी मनापासून इच्छा आहे.

रहमान यांनी रामकथेला याआधी हात घातला आहे का?

हो. ‘स्वदेस’मधलं (२००४) रामलीलेचं गाणं आठवा. अशोकवनातली सीता गावातल्या रंगमंचावरून गाते, रावण तिला उत्तर देतो आणि पुढे सारा गाव त्यात सामील होतो. शब्द जावेद अख्तर यांचे. भक्तिगीत, नाट्यगीत आणि लोकगीत या तिन्हींची मुळं त्या एका गाण्यात एकत्र आली आहेत. ‘दिल्ली ६’ (२००९) मध्येही रामलीला कथेच्या मध्यभागी होती. २०१० मध्ये मणिरत्नम यांच्या ‘रावण’चं संगीत त्यांनी केलं. त्यात रामकथा आजच्या जंगलात आणून उलटीकडून पाहिली होती.

‘लगान’मधली (२००१) प्रार्थनाही महत्त्वाची. दुष्काळाने आणि हरण्याच्या भीतीने गांजलेलं गाव देवळासमोर बसतं आणि लताबाईंचा आवाज येतो. त्या गाण्यात भव्य काहीच नाही, तरी सगळं थिएटर गप्प व्हायचं. रहमान यांच्याकडून मला जे हवं आहे ते तिथे आहे.

रहमान मुसलमान आहेत. त्यांना रामाचं संगीत जमेल का?

‘बैजू बावरा’ (१९५२) मधलं मालकंसातलं प्रसिद्ध हरिभजन शकील बदायुनी यांनी लिहिलं, नौशाद यांनी स्वरबद्ध केलं आणि मोहम्मद रफी यांनी गायलं. बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई काशी विश्वनाथाच्या दारात वाजत असे. या देशात हा प्रश्न सुरांनी कधीच सोडवून टाकला आहे.

गीत रामायणाशी तुलना होणारच. ती करावी का?

करावी. उलट केल्याशिवाय मराठी माणसाला हे संगीत नीट ऐकताच येणार नाही. फक्त तुलना कशाची करायची ते आधी ठरवलं पाहिजे.

गीत रामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं आणि वर्षभर चाललं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गाणी, दर आठवड्याला एक. आज कंपन्या चित्रपटाआधी एकेक गाणं सोडतात आणि आपण पुढच्याची वाट बघतो. आपल्या आजी-आजोबांनी हीच वाट रेडिओसमोर बसून वर्षभर बघितली होती. तेव्हा ना झलक होती, ना पडद्यावरचे चेहरे. फक्त शब्द आणि सूर.

मग ते एवढं टिकलं कशामुळे? माझ्या मते एका साध्या शिस्तीमुळे. प्रत्येक गाण्याला एक बोलणारा आहे, एक ऐकणारा आहे आणि एक क्षण आहे. ‘दैवजात दुःखे भरता’ हे नियतीवरचं सर्वसाधारण चिंतन नाही. चित्रकूटावर राम भरताला समजावतोय, वडील गेल्याची बातमी ताजी आहे, समोर भाऊ रडतोय, आणि त्याला रिकाम्या हाती परत पाठवायचं आहे. ‘मज सांग लक्ष्मणा’ म्हणणारी सीता नुसती दुःखी नाही, तिला आत्ता, या क्षणी, अरण्याच्या तोंडाशी एका माणसाकडून उत्तर हवं आहे. कोण, कोणाला, कधी, ही तीन माणसं-क्षणांची गणितं माडगूळकरांनी एकदाही चुकवली नाहीत. फडक्यांनी तेच सुरांत केलं. पहिल्या गाण्यात लव-कुश प्रत्यक्ष रामासमोर गातात, त्याला भूप रागाची शांत, निरागस चौकट दिली. चित्रकूटावरच्या सांत्वनाला यमन कल्याण दिला, म्हणजे रडवण्याऐवजी धीर देणारा राग. बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, त्या जागी करुण सूर लावला असता तर राम भरतापेक्षा दुबळा वाटला असता.

तेव्हा तुलना वाद्यांच्या संख्येशी, गायकांच्या तयारीशी किंवा भव्यतेशी करू नये. नव्या चित्रपटाचं गाणं आलं की एवढंच विचारावं: हे कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, आणि कथेत दुसरीकडे कुठे हेच गाणं ठेवता आलं असतं का? ठेवता आलं असतं, तर ते स्तोत्र आहे, जाहिरात आहे, काहीही आहे, पण रामायणातलं गाणं नाही.

गीत रामायणातलं एखादं गाणं चित्रपटात घेता येईल का?

परवानगीशिवाय नाही. भारतात गीत आणि संगीत यांचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चालींवरचा त्याहूनही पुढे. वाल्मीकींचे श्लोक, तुलसीदासांच्या चौपाया, रामरक्षा आणि समर्थांची स्तोत्रं मात्र सगळ्यांची आहेत. नवी चाल लावून कोणीही गाऊ शकतं.

आधीच्या रामपटांचं संगीत कसं होतं?

यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’चं (१९४३) संगीत कोल्हापूरच्या शंकरराव व्यासांचं होतं. ‘संपूर्ण रामायण’चं (१९६१) वसंत देसाईंचं. रागाधिष्ठित, स्वच्छ शब्दोच्चारांचं गाणं या दोघांनी पौराणिक चित्रपटांत आणलं. तेलुगूत ‘लवकुश’ (१९६३) साठी घंटसाला यांनी केलेली गाणी आजही आंध्र-तेलंगणात घरोघरी आहेत, आणि २०११ मध्ये बापू यांच्या ‘श्रीराम राज्यम्’ला इलैयाराजांनी संगीत दिलं. दूरदर्शनवरच्या १९८७ च्या मालिकेत रवींद्र जैन यांनी चौपायांना दिलेली चाल आज अनेकांना पारंपरिकच वाटते. इतकी ती मुरली आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. शब्द पहिल्या ऐकण्यात कळतात.

‘आदिपुरुष’सारखं काही होईल का?

‘आदिपुरुष’ (२०२३) चित्रपट म्हणून लोकांना रुचला नाही, संवादांवर तर सडकून टीका झाली. पण अजय-अतुल यांचं रामाच्या जयघोषाचं गाणं लोकांनी उचलून धरलं. मंदिरांत, मिरवणुकांत, लग्नांत ते वाजलं आणि अजूनही वाजतं. त्यातून एवढंच घ्यायचं की जयघोषाचं गाणं लोकप्रिय होणं आणि चित्रपटाला रामकथा सापडणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तिवारींच्या चित्रपटातही एखादं समूहगान असेलच, आणि ते चालेलही. पण त्या एका गाण्यावरून चित्रपटाचा अंदाज बांधू नये. चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

‘छावा’नंतर रहमान यांच्याबद्दल मराठी रसिक धास्तावले आहेत. ते बरोबर आहे का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये रहमान यांचं संगीत असलेला ‘छावा’ आला तेव्हा मराठी प्रेक्षकांची मतं दुभंगली. संभाजी महाराजांच्या कथेला मातीतला मराठी नाद कमी पडला, काही जागी सूर दुसऱ्याच मुलखातून आल्यासारखे वाटले, असं पुष्कळांनी बोलून दाखवलं. मलाही ते काही प्रसंगांत जाणवलं. पण वैशाली सामंत यांच्या आवाजातलं तुफानाचं गाणं अनेकांना आवडलं, हेही तितकंच खरं.

रामायणाची अडचण थोडी वेगळी आहे. शिवकालाला ठरलेला प्रदेश आहे, ठरलेली वाद्यं आहेत: डफ, तुणतुणं, संबळ, तुतारी. रामाची गोष्ट अयोध्येपासून लंकेपर्यंत चालत जाते आणि वाटेतला प्रत्येक प्रांत ती आपली मानतो. मिथिलेतल्या बायका सीतेच्या लग्नाची गाणी आजही गातात. तमिळनाडूत कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या कृती, म्हणजे रचना, आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक रामाला उद्देशून आहेत. तंजावरच्या त्या परंपरेत रहमान यांचं चेन्नई मुरलेलं आहे. रामाच्या पायांखालचा प्रदेश बदलतो तसा सूरही बदलला, मिथिलेत वेगळा, दंडकारण्यात वेगळा, किष्किंधेत वेगळा, तर हे संगीत कुठल्याही एका प्रांताचं न राहता सगळ्यांचं होईल. पंचवटी आपली, नाशिकची. तिथे पोचल्यावर एखादी ओवी ऐकू आली तर मला फार आनंद होईल.

पडद्यावर राम आणि सीता गाणार का?

तिवारींच्या ‘दंगल’ आणि ‘छिछोरे’कडे पाहिलं (दोन्हींचं संगीत प्रीतम यांचं), तर पात्रं सहसा ओठ हलवून गात नाहीत. गाणं मागून येतं आणि कथेचा काळ पुढे सरकवतं. ‘दंगल’मध्ये मुलींच्या मनातला वैताग त्यांच्या तोंडून न येता गाण्यातून आला आणि विनोदही त्यातूनच झाला. ‘रामायण’लाही हीच रीत अधिक शोभेल. रणबीर कपूर यांनी बाणासोबत मुखडाही म्हणावा, असं कोणाला वाटत असेल असं मला दिसत नाही.

अपवाद असलेच तर ते कथेतलेच असावेत. लव-कुशांचं गाणं पडद्यावर गायलंच पाहिजे, कारण वाल्मीकींनी ते काव्य त्यांना तंत्रीवाद्याच्या लयीत गायला शिकवलं असं बालकांडच सांगतं. शबरीनं बोरं वेचताना गुणगुणावं. नावाड्याने गंगा ओलांडताना गावं. ही माणसं कामं करताना गाणारीच आहेत.

भाषा कशी असावी?

बोलकी हिंदी, तिला अवधीची ऊब आणि मोजक्या जागी संस्कृत. कुमार विश्वास मंचावरचे कवी आहेत, रामकथेवर ते वर्षानुवर्षं बोलत आले आहेत, त्यामुळे आशयाची चिंता नाही. चिंता आहे ती मंचीय आवेशाची. टाळ्या घेणारी ओळ आणि पात्राच्या तोंडची ओळ यांत फरक असतो.

मूळ ग्रंथाकडे जाण्याचं महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. ‘पराधीन आहे जगती’मधली (म्हणजे वरच्या ‘दैवजात दुःखे भरता’ याच गाण्यातली) दोन ओंडक्यांची भेट आपल्याला माडगूळकरांची वाटते. ती वाल्मीकींची आहे. अयोध्याकांडात राम भरताला सांगतो, ‘यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे’, महासागरात लाकडाला लाकूड भेटावं, आणि काही काळाने दूर जावं. माडगूळकरांनी श्लोक उचलला आणि तो जात्यावर म्हणता येईल इतका मराठी केला. कुमार विश्वास यांच्याकडून अपेक्षा आहे ती या जातीच्या कामाची.

आणि संस्कृत म्हणायचंच असेल तर उच्चार शुद्ध हवेत. समूहस्वरांच्या गदारोळात बुडालेले श्लोक नुसते वातावरणासाठी वापरलेले ऐकून कान विटले आहेत.

संगीताच्या दृष्टीने कोणत्या प्रसंगांची वाट बघावी?

प्रत्येकाची यादी वेगळी असेल. ही माझी.

सगळ्यात आधी चित्रकूट, भरताची भेट. कारण वर आलंच आहे.

मग रावण. त्याच्या स्वरविचाराबद्दल मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे. रावण हा आपल्या परंपरेत विद्वान आणि वीणावादक आहे. शिवतांडव स्तोत्र त्याच्या नावावर आहे, आणि त्याच्या पंचचामर छंदाची लघु-गुरूंची घोडदौड ऐकताच अंगात शिरते. राजस्थान-गुजरातेत लोककलाकार जे रावणहत्था वाजवतात, त्याचं नातंही दंतकथेने लंकेशी जोडलं आहे. नारळाच्या करवंटीवर कातडं ताणून केलेलं ते गजानं वाजवायचं वाद्य आहे, आवाज काहीसा अनुनासिक, रडवेला. जगातल्या कुठल्याही खलनायकाला इतकी समृद्ध संगीतसामग्री मिळालेली नाही. त्याला नुसते काळे, जाड, घोंघावणारे सूर दिले तर ती संधी वाया जाईल. रावणाचं संगीत सुंदर असलं पाहिजे, ऐकणाऱ्याला मोह पडला पाहिजे, तरच सीतेच्या नकाराचं मोल कळेल.

अशोकवनात मला संगीत जवळपास नकोच आहे. हनुमान झाडावरून हलक्या आवाजात रामाची कथा सांगायला लागतो, सीता दचकून वर बघते. वाल्मीकींनी तिथे हनुमानाला बरंच विचारात पाडलंय, संस्कृतात बोलू की साध्या माणसांच्या भाषेत, ती मला रावण समजून घाबरेल का. इतक्या नाजूक प्रसंगाला एक बासरी पुरते, आणि तीही कदाचित जास्त होईल.

मंदोदरीचा विलाप, वालीच्या मृत्यूनंतर तारेचा विलाप. शत्रूच्या बाजूच्या बायकांचं दुःख वाल्मीकींनी आखडता हात न घेता लिहिलं आहे. चित्रपट बहुतेक वेळा ते गाळतात.

सेतूचं समूहगान मात्र जोरकस हवं. तिथे ढोल वाजू देत हवे तितके.

मराठी गायक-गायिका असतील का?

रहमान यांनी मराठी आवाजांना नेहमी मानाची जागा दिली आहे. ‘लगान’मध्ये लताबाई, १९९५ च्या ‘रंगीला’त आशाबाई, ‘जोधा अकबर’मधल्या (२००८) कृष्णभजनात बेला शेंडे. दाभोळच्या साधना सरगम त्यांच्याकडे तमिळमध्येही गायल्या. चेंबुरात वाढलेल्या शंकर महादेवन यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो रहमान यांच्याच तमिळ गाण्यासाठी. इच्छा विचाराल तर एखादी रचना महेश काळे किंवा आनंद भाटे यांच्या गळ्यातून यावी. दोघांनाही मराठी चित्रपटातल्या रागदारी गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, आणि दोघांच्या गाण्यात शब्द तुटत नाही.

पहिलं गाणं ऐकून निराशा झाली तर?

रहमानभक्त त्यांच्या गाण्यांना ‘स्लो पॉयझन’ म्हणतात. हळूहळू चढतं. हे खरं आहे आणि त्याला कारण आहे. ते अनेक थरांत ध्वनिमुद्रण करतात, गायकाकडून मोकळेपणी गाऊन घेतलेले तुकडे नंतर जुळवतात, मुखडा-अंतऱ्याच्या नेहमीच्या आखणीतून बाहेर पडतात. पहिल्या ऐकण्यात धरायला हँडल सापडत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी आतला थर ऐकू येतो आणि मग गाणं सुटत नाही.

पण म्हणून प्रत्येक न आवडलेलं गाणं ‘अजून चढायचंय’ असं म्हणत राहणंही बरोबर नाही. काही गाणी फसतात, त्यांचीही. शांतपणे चार-पाच वेळा ऐकावं, चित्रपटात प्रसंगासोबत एकदा ऐकावं, आणि तरीही मनात शिरलं नाही तर नाही आवडलं असं स्पष्ट म्हणावं.

‘फुटलेली’ गाणी फिरतात ती खरी असतात का?

बहुतेक वेळा नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाच्याही आवाजात गाणं बनवता येतं, वर चित्रपटाचं पोस्टर चिकटवलं की लाखो लोक ऐकतात. खूण अशी: गाणं चित्रपटाच्या किंवा संगीत कंपनीच्या अधिकृत खात्यावर नसेल, आणि खाली गायक, वादक, ध्वनिमुद्रण यांची नावं नसतील, तर पुढे पाठवू नका. रहमान यांनी स्वतः हे तंत्र वापरलं आहे. २०२४ च्या ‘लाल सलाम’साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज त्यांनी पुन्हा उभे केले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. फरक तंत्रात नाही, परवानगीत आहे.

ऑस्कर मिळेल का?

२०२३ मध्ये ‘आरआरआर’च्या गाण्याने ऑस्कर आणलं तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक मोठ्या चित्रपटाला विचारला जातो. दोघा संगीतकारांकडे मिळून चार ऑस्कर आधीच आहेत. पाचव्याची काळजी त्यांना नसावी, आपणही करू नये.

कसं ऐकावं?

गाणी आली की शक्यतो फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, साधे का होईनात पण इअरफोन लावा. दोघेही संगीतकार खालच्या सुरांत बरंच काही ठेवतात, ते फोनमध्ये ऐकूच येत नाही. पार्श्वसंगीताचा अल्बम स्वतंत्र निघाला तर तो चित्रपट बघून आल्यावर ऐका, आधी नको. आणि श्रेयनामावली वाचा. बासरी कोणी वाजवली, वीणा कोणाची, समूहस्वर कुठले. या माणसांची नावं कोणी घेत नाही.

दुसऱ्या भागाचं संगीत पूर्ण नवं असेल का?

तसं नसावं. दोन भागांच्या कथेचा खरा लाभ संगीताला होतो. ‘पोन्नियिन सेल्वन’च्या दोन भागांत (२०२२ आणि २०२३) रहमान यांनी पहिल्यातल्या सुरावटी दुसऱ्यात वेगळ्या वजनाने परत आणल्या, आणि ज्यांनी पहिला भाग मनापासून ऐकला होता त्यांना पात्राच्या आधी त्याची चाल ओळखू आली. ‘रामायण’मध्ये हे आणखी खोल जाऊ शकतं. जनकपुरीत सीतेसोबत वाजलेली सुरावट अशोकवनात एखाद्याच वाद्यावर येईल, अग्निपरीक्षेत अर्धवट तुटेल. त्यासाठी ती चाल पहिल्या भागात आपल्या कानांत पक्की बसायला हवी, इतकी साधी की थिएटरमधून बाहेर पडताना लहान मूलही ती गुणगुणेल. म्हणून पहिल्या भागाची गाणी येतील तेव्हा सगळ्यात गाजलेलं कोणतं याच्या मागे न लागता सीतेची चाल कोणती ते शोधा. २०२७ च्या दिवाळीत तीच कामाला येईल.